बंदुकीतले हरभरे

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गाढवपणा झाला, पण बंदुकीत हरभरे भरण्याइतका अव्वल दर्जाचा एकच. खायचे हरभरे, स्वयंपाकघरातल्या डब्यातले. भरले, वरून चिंधी ठोकली, बंदूक खुंटीला टांगली आणि हात झटकून पिठलं टाकायला गेले. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. औरंगाबादेत एक वर्ष कॉलेजात जाऊन आलेली मुलगी, तिला कोण काय शिकवणार!

हे आता आठवायचं कारण असं की, परवा निवडणूक आली म्हणून मुलानं ती बंदूक ठाण्यात जमा करायला काढली. दर निवडणुकीला ती जाते आणि निकालानंतर परत येते, एखाद्या म्हाताऱ्या आत्यासारखी. नातीनं ती पहिल्यांदाच नीट हातात घेतली, नळीच्या तोंडात करंगळी घालून बघितली आणि म्हणाली, "आजी, एवढीशी? हिनं काय फुटाणे मारायचे?"

मला चहाचा ठसका लागला. पाठीवर थापा मारून घेतल्या, पण कारण काही सांगितलं नाही. आता लिहूनच ठेवते.

बंदूक ठासणीची. म्हणजे काडतूस-बिडतूस काही नाही, सगळं नळीच्या तोंडातून आत भरायचं. परवाना निजामाच्या काळातला, माझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्या नावाचा, पुढं वारसानं चालत आलेला. नळी इतकी बारीक की मोठ्या जनावराला तिचा काही धाक नव्हता. तितर, लावे, फार तर ससा. तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. कायदा अजून आमच्या डोंगरावर चढून यायचा होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिला 'बारकी' म्हणायचे. "बारकी कुठंय?" म्हणाले की मी नवी नवरी दचकून बघायची, घरात आणखी कुठली मुलगी आहे की काय.

वस्ती खुलताबादच्या वरच्या अंगाला, गावापासून सुटी. उतारावर सीताफळं, सपाटीला तूर आणि बाजरी. आणि शेतात जागोजाग कबरी. कुणाच्या, कुणाला ठाऊक नाही. नांगर त्यांना वळसा घालून जायचा. आमच्या तुरीच्या टोकाला तर एक अख्खा घुमट होता, चुना गळून गेलेला, दाराच्या जागी नुसता काळा चौकोन. मामंजी त्याच्यासमोरून जाताना कपाळाला हात लावत आणि बंदुकीचं तोंड खाली करत. "शेजारी हायेत आपले," म्हणत.

मामंजींची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ते घरात शिरताना ओट्यापाशी थांबून खाकरायचे. तशी सगळ्याच घरांतली पुरुषमाणसं खाकरायची. सुनांनी पदर घ्यावा म्हणून. पण मामंजींचं खाकरणं वेगळं होतं. विहिरीच्या तळाशी दगड घासल्यासारखं, एक लांब 'खर्रर' आणि मग एक बारका 'खर्'. तो दुसरा 'खर्' यायच्या आत माझा हात आपोआप डोक्याकडं जायचा. शहरातनं आलेली, पदर घ्यायला नाक मुरडणारी मी दोन महिन्यांत अशी तयार झाले की कुठं बैल जरी खोकला तरी डोकं झाकायची.

त्यांनीच मला बारकी भरायला शिकवली. सुनेला बंदूक! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून ओरडायच्या, "लेकीला कवा हात लावू दिला नाय, अन् हिला शिकवाया लागलाव व्हय?" मामंजी हसायचे. ओट्यावर बसून बैलाच्या शिंगातली काळी दारू नळीत ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग गज घालून ठोकायचं. गज म्हणजे लोखंडी सळई. दारू नीट बसली की गज टण्णकन वर उडतो. मग छर्रे, पुन्हा चिंधी. चिंधी मात्र त्यांच्याच जुन्या मुंडाशाची. दुसऱ्या कापडाची त्यांना चालत नसे. गजावर दोन खाचा होत्या. गज पार वरच्या खाचेपर्यंत आत गेला तर नळी रिकामी, खालच्या खाचेला अडला तर भरलेली.

"अन् येक ध्यानात ठेव," ते म्हणाले होते, "ज्यानं ठासली त्यानंच उडवायची. आत काय हाय ते ठासणाऱ्यालाच म्हायती."

मी माझा पहिला बार मडक्यावर टाकला. मडकं जागच्या जागी राहिलं, मी तुरीत उताणी. माहेरी गेले तेव्हा सांगितलं, दोन तितर पाडले. धाकट्या भावानं डोळे मोठे केले. मग मीही थांबले नाही, त्याला म्हटलं, "तू न्यायला येशील तेव्हा तुला स्वतः मारलेला ससा खाऊ घालते."

दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी मामंजींनी बारकी ठासली. तुरीत तितर बोलत होते, पहाटे जायचं होतं. पहाटे ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. बंदूक मधल्या खोलीत खुंटीवर, त्यांनी भरलेली, तशीच.

तेरावा झाल्यावर माझा नवरा म्हणाला, "आई, बंदूक रिकामी करून ठेवतो." आत्याबाई खुंटीखाली उभ्या राहिल्या. "त्यांनी ठासली, त्येच उडवतील." नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी आत्याबाईंकडं, आणि विषय संपला. दारूचं शिंग आत्याबाईंच्या पेटीत गेलं आणि पेटीला कुलूप लागलं.

दिवाळीत दिवे लावले नव्हते, पण दिवाळीपासून आत्याबाईंचं एक सुरू झालं. सांजवात झाली की बारकी खाली घ्यायची, गज घालून खालची खाच बघायची, मग नळीच्या तोंडाला कान लावून बसायचं. मधेच हळू आवाजात काही बोलायचं. बैल विकला, पोराचं पोट दुखतंय, सून मीठ जास्त टाकते. मी चुलीपुढून ऐकायची. माझ्या मिठाची तक्रार थेट वर जाते आहे, याचा मला राग यायचा. बाकी वाटायचं, म्हातारं माणूस आहे, एकटं पडलंय, बोलतंय लोखंडाशी.

संक्रांत झाली आणि भाऊ न्यायला येणार असा निरोप आला. आणि मला माझा ससा आठवला.

भाऊ यायचा त्या दिवशी नवरा कांदे घेऊन वैजापूरला गेलेला, आत्याबाई खुलताबादच्या बाजारात. घरात मी आणि बारकी. दारू कुलपात होती, पण मला दारू कशाला हवी होती? बार तयारच होता. एक उडवायचा, ससा आणायचा, पुढचं पुढं. माझं डोकं तेव्हा असं चालायचं. एका पायरीपुरता उजेड असायचा. टोप्यांची डबी कोनाड्यात होतीच. टोपी म्हणजे घोड्याखाली बसवायची ती तांब्याची इवलीशी वाटी, तिच्यानं ठिणगी पडते. साडीवर नवऱ्याचा सदरा चढवला, पदर खोचला आणि निघाले, झाशीला निघाल्यासारखी.

उन्हं उतरली होती. वारा मुळीच नव्हता. तुरीच्या शेंगा वाळलेल्या, एरवी नुसत्या चालण्यानं खुळखुळतात, त्या दिवशी आवाज नाही. घुमटापाशी पोचले तर ससा तिथंच होता. कबरीच्या पायथ्याशी बसलेला, कान उभे, तोंड माझ्याकडं. पळेना. मी जवळ गेले, तरी पळेना. ससा माणसाची वाट बघत बसत नाही, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, घाबरला मला.

चाप ओढला. चट्! टोपी फुटली आणि पुढं काहीच नाही. ससा तसाच. मी बंदूक खाली घेतली आणि काय अडकलं ते बघायला नळीचं तोंड स्वतःकडं वळवायला लागले.

तेवढ्यात तिनं आतल्या आत एक श्वास घेतला. 'हुस्स' असा. आणि मग बार झाला.

माझ्या तोंडावर नाही आला, एवढंच नशीब. छर्रे घुमटाच्या दगडांवर पावसासारखे पडले. मी खाली बसले होते की पडले होते, आठवत नाही. ससा नव्हता. केस नाही, रक्त नाही, बसलेल्या जागी गवतसुद्धा दबलेलं नाही. फक्त धूर. वारा नव्हता, तरी तो धूर सरकत सरकत घुमटाच्या काळ्या चौकोनाशी गेला आणि तिथं थांबला, माणूस उंबऱ्याशी थांबावा तसा.

आणि त्या धुरातून कुणीतरी खाकरलं. एक लांब 'खर्रर'. मग एक बारका 'खर्'.

मी पदर घेतला. हातात बंदूक, अंगात नवऱ्याचा सदरा, भोवती कुणी नाही, आणि मी डोकं झाकून खाली मान घालून उभी. घुमटातून आवाज उलटून आला असेल. असेलच. पण पदर मात्र घेतला.

मान खाली होती म्हणून दिसलं. गवतात एक लाल डोळा जळत होता. मुंडाशाची चिंधी, कडेनं पेटलेली. मामंजींच्या हातानं ठोकलेली. पायानं विझवली, कमरेला खोचली आणि पळत सुटले.

घरी आल्यावर भीती गेली आणि हुशारी परत आली. आत्याबाई यायच्या आत सगळं होतं तसं करायचं. जळक्या दारूचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून नळीत कढत पाणी ओतलं. काळं पाणी सीताफळाच्या बुडाशी टाकलं. नळी चुलीजवळ उभी करून वाळवली, करडईच्या तेलाचा बोळा फिरवला. पण गज आता वरच्या खाचेपर्यंत सरळ जात होता. दारू कुलपात. मग आत घालायचं काय? माती घातली तर गंजेल. नजर डब्यावर गेली. हरभरे ओतत गेले, गज घालून बघत गेले, आणि खालची खाच आली तेव्हा माझ्या जुन्या परकराची चिंधी वर ठोकली. खाच बरोब्बर. मी स्वतःवर इतकी खूश झाले की उरलेल्या आनंदात तेवढ्यात आलेल्या भावाला पिठलं-भाकरी वाढली. तो म्हणाला, "ताई, ससा?" मी म्हटलं, "आमच्याकडं सुतक पाळतात."

सांजेला आत्याबाईंनी गज घातला. खाच बघितली. कान लावला, बोलल्या, बंदूक खुंटीवर. मी सुटले.

शिवरात्रीनंतर ऊन तापायला लागलं. एका संध्याकाळी आत्याबाई चुलीपाशी आल्या. चेहरा असा की मी भाकरी तव्यावर विसरले.

"सूनबाई, जरा हिकडं ये. ऐक."

मी नळीला कान लावला. आत, खोल, खर्र... थांबून, खर्. पुन्हा खर्र.

माझा हात डोक्याकडं गेला. आत्याबाईंनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "आलं ना ऐकू? तुला बी आलं ना?"

आता कुठलीही शेतकऱ्याची पोर इथं हसली असती. पण मी वाण्याकडून पावशेर हरभरे आणून वाढलेली. राख न चोळता ठेवलेल्या जुन्या हरभऱ्यात काय होतं ते मला कुठं माहीत? मला एवढंच माहीत होतं की मामंजींचा बार मी घुमटाकडं उडवून टाकला आहे, आणि तरी ते आत आहेत. म्हणजे ते परत आले होते. माझ्या हरभऱ्यात येऊन बसले होते.

त्या दिवसापासून मधल्या खोलीतून जाताना मी भिंतीला चिकटून जायची. दुपारी घर निवांत झालं की आवाज चुलीपर्यंत यायचा. भांडी घासताना मी मुद्दाम जोरात घासायची. पदर तर इतका घट्ट असायचा की नवरा म्हणाला, "माझ्यासमोर कशाला?" काय सांगणार, तुमच्यासमोर नाही म्हणून!

आत्याबाई बदलल्या. आधी त्या नुसत्या बोलायच्या, आता उत्तराची वाट बघायला लागल्या. त्यांची संध्याकाळची भाकरी खुंटीखाली ठेवायच्या आणि स्वतः उपाशी झोपायच्या. गालफडं बसली. मग एक दिवस माझ्यापुढं धान्याच्या खोलीची किल्ली ठेवली.

"त्यांना भाईर यायचंय," त्या म्हणाल्या. "जीव कोंडलाय त्यांचा. आखितीला बार उडवते म्या. ठासणारा नाय, तर त्याची बायकू उडवील. त्येंना मोकळं करते, मग मी बी मोकळी."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. 'मी बी मोकळी' म्हणजे काय ते त्यांनी फोडून सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या पेटीतली लुगडी वेगवेगळी काढून ठेवत होत्या. हे लेकीला, हे नणंदेला, हे सूनबाईला.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, आत्याबाईंना बार उडवू देऊ नका." तो म्हणाला, "आकाशात उडवेल. तिचं समाधान होतंय तर होऊ दे." त्याला काय माहीत, उडायला आत काही नाहीच! टोपी फुटली असती, चट्, आणि बार झाला नसता. त्यांना वाटलं असतं, नवरा निघायलाच तयार नाही. मग त्या कुणासाठी जेवल्या असत्या? आणि खरं सांगावं तर काय सांगू? तुमचा माणूस संक्रांतीलाच गेला, मी त्याला सशावर उडवला?

आखितीला दुपारी पाण्यानं भरलेला करा पुजला, पुरणपोळीचं पान दाखवलं. दिवस कलल्यावर नवरा बैलांना पाणी पाजायला विहिरीवर गेला. आत्याबाईंनी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बारकी खाली घेतली आणि ओट्यावर आल्या. तोंड घुमटाकडं. टोपी बसवली. घोडा ओढताना त्यांना दोन्ही हात लावावे लागले, इतका जोर कमी झाला होता. वारा नव्हता. त्या संक्रांतीच्या दिवसासारखाच, मुळीच नव्हता.

त्या हळूच म्हणाल्या, "चला आता."

"आत्याबाई, थांबा!" मी ओरडले. "आत दारू नाही."

"नाय म्हंजी?"

"हरभरे आहेत."

 त्यांनी घोडा अलगद सोडला, टोपी काढून हातात घेतली. "कसलं हरभरं?"

"डब्यातले. जुने."

एवढं सांगितल्यावर बाकीचं थांबेना. भाऊ, ससा, घुमट, कढत पाणी, सगळं ओकून टाकलं. कोनाड्यात लपवलेली मुंडाशाची जळकी चिंधीही आणून हातावर ठेवली. त्यांनी ती हुंगली. बराच वेळ हुंगत होत्या. मग गजाचं दुसरं टोक नळीत घातलं. त्या टोकाला मळसूत्राचे आटे असतात, फिरवून ओढलं की आतली चिंधी निघते. फुलाफुलांची निघाली. आत्याबाईंनी आधी चिंधीकडं बघितलं, मग माझ्या परकराकडं.

बंदूक उलटी केली. हरभरे ओट्यावर सांडले, भोकं पडलेले, पोकळ, पीठ झालेले. आणि त्यांच्यातून भुंगे. बारके, तपकिरी, एकामागून एक, आळोखेपिळोखे देत उजेडात येणारे. एक त्यांच्या तळहातावर चढला, तो त्यांनी नखावर घेऊन बघितला. आत्याबाईंचा सारा जन्म शेतकऱ्याच्या घरात गेलेला. त्यांना भुंगा काय सांगायचा?

आता त्या रडतील, मला मारतील, नाहीतर इथंच आडव्या होतील असं वाटलं.

"सशाला लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्येंचा बी कवा लागला नाय." त्यांचे खांदे हलले. हसत होत्या की काय ते समजेना. मग म्हणाल्या, "भाकर टाक. भूक लागलीया."

मला एकदम इतकं हलकं वाटलं! भुंगे! इतके दिवस मी भुंग्यांना पदर घेत होते! खाली बसून हरभरे वेचायला लागले, स्वतःशीच हसत. पदर खांद्यावरून कधी घसरला, कळलंही नाही. रिकामी बारकी भिंतीला टेकून उभी होती. आत्याबाई ओट्याच्या पायरीकडं, अंधारत चाललेल्या वाटेकडं बघत होत्या. बघता बघताच, मान न वळवता, त्या मला म्हणाल्या:

"भुंगं हरबऱ्यातलं हायेत, दिसत्यात मला. पर खाकरणं म्या दिवाळीपासनं ऐकतेय, पोरी. पदर घे."